वहिनीसमोर सांगायचं होतं

माझी बायको जाऊन आठ महिने झाले. तिच्याबद्दल लिहायचं म्हणलं की दुधापासून सुरुवात करावी लागते. बाप्या माणसानं असलं लिहू नये म्हणतील लोक. म्हणू द्या. न बोलल्यानं काय होतं ते मी बघितलंय.

आम्हाला मूल नाही. परतूरपासून चार कोसावर आमचं गाव. मूल नसलेल्या बाईला गावात काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. तिला ते चाळीस वर्षं म्हणाले. तोंडावर कमी, पाठीमागं जास्त. पण मी तिला एकदा एक गोष्ट बोललो, ती त्याच्यापेक्षा वाईट होती. एकदाच बोललो. ती परत घ्यायची तर कुणासमोर घ्यायची, हे तिनं मला सांगून ठेवलं होतं. ते माझ्याच्यानं झालं नाही. गोष्ट एवढीच आहे. पण नीट सांगतो.

लग्नाला चारेक वर्षं झाली असतील. तेव्हा आमच्या घरात बाई महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची, त्यामुळं कुणाचं काय ते सगळ्या घराला ठाऊक. ती बसायची बंद झाली. एक महिना गेला, दुसरा गेला. मंग एक दिवस आईला तिच्या चोळीवर ओले डाग दिसले. आईनं तिला आत नेऊन बघितलं, तर दूध. आई हसतच बाहेर आली. पोटाच्या आधी दूध आलं म्हणजे पोरगाच, असं तिनं जाहीर केलं.

घरात आम्ही सहा माणसं मोठी. आई, बाप, थोरला भाऊ, वहिनी आणि आम्ही दोघं. वहिनीला तवा तीन लेकरं होती. आईनं आणि वहिनीनं मिळून चोरओटी भरली. दिवस गेल्याचं गावाला कळायच्या आधी घरातल्या घरात गपचूप ओटी भरतात, तिला चोरओटी म्हणतात. चुलीपाशी पाट मांडला, हिरव्या बांगड्या भरल्या, पदरात तांदूळ, नारळ, हळकुंड. मी दारातून बघत होतो तर वहिनी म्हणाली, "भाऊजी, हितं तुमचं काम संपलं. जा वावरात." सगळ्या हसल्या. माझी बायको पण हसली. ती हसताना वरच्या ओठावर हात धरायची, दात पुढं होते म्हणून.

पाचवा महिना गेला, सहावा गेला. पोट काही दिसेना. आई म्हणाली, पोर पाठीकडून बसलंय, माझा थोरला असाच होता. सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. अंगणात झोपाळा बांधला, त्याला झेंडूच्या माळा, तिला हिरवं लुगडं, सगळी भावकी जेवायला. तिच्या आईबापानं दोन पाट्या भरून आणलं होतं. मी त्या दिवशी टोपी नवी घातली होती. आता आठवलं की मला माझ्या टोपीची लाज वाटते.

आठव्यात काहीच होईना तवा तिला परतूरच्या डॉक्टरणीकडं नेलं. आई आत गेली, मी बाहेर. डॉक्टरणीनं पोट दाबून बघितलं आणि सांगितलं, ह्या पोटात काहीच नाही आणि काही होतं असं वाटतही नाही. पाळी का बंद आहे ते मोठ्या दवाखान्यात दाखवा. दूध येतंय हे आईनं डॉक्टरणीला सांगितलं नाही. असलं परक्याला सांगतात का, असं तिचं म्हणणं. आणि बायको तर आईसमोर तोंड उघडायची नाही. तीस वर्षं त्या एका न सांगण्यात गेली. पण मी आईला कशाला दोष देऊ. मी बाहेर बाकड्यावर बसून बिडी ओढत होतो.

घरी आलो. आईचं एकच सुरू. दूध आलं म्हणजे पोर होतं. पोर होतं तर गेलं कुठं? दूध काय हवेतून येतं? सगळ्या भावकीला जेवू घातलं होतं, आता तोंड कुणाला दाखवायचं हा तिचा खरा घोर. संध्याकाळच्या भाकरी चालल्या होत्या. आई चुलीपुढं, वहिनी धाकट्याला मांडीवर घेऊन बसलेली, माझी बायको काटवटीत पीठ मळत होती. मी दारात उभा राहून म्हणालो,

"पाडलंस का?"

तिनं वर बघितलं. आधी माझ्याकडं, मंग वहिनीकडं. वहिनी लेकराच्या अंगावरचा पदर नीट करीत राहिली. बायको काही बोलली नाही, पुन्हा पीठ मळायला लागली. मी त्या गप्प बसण्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावला. खरं असेल म्हणूनच गप्प आहे, असं.

दूध थांबलं नाही. त्यात तिचं डोकं दुखायला लागलं, कपाळाच्या मागं. आई म्हणाली, दूध पिणारं कुणी नाही म्हणून ते डोक्यात चढतंय, पिळून टाकत जा. मंग रोज दोन टायमाला ती गोठ्यात जाऊन भिंतीवर दूध पिळून टाकायची. म्हशीच्या धारा काढायला जायची आणि स्वतःच्याही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहून राह्यलोय.

दुसरं लग्न कर म्हणून आई मागं लागली होती. मी केलं नाही. त्याचं मोठेपण मला घ्यायचं नाही. आमच्या वाटणीला जेवढं वावर होतं त्यात दोन बायका पोसल्या नसत्या, आणि खरं म्हणजे मला तिच्या हातच्या जेवणाची सवय झाली होती. तीही माहेरी गेली नाही. पण कुणाच्या घरी ओटी भरणं असलं की ती गोठ्यात तरी जायची नाहीतर वावरात. एखादी बाई दारात हळदीकुंकवाला आली की म्हणायची, "माझे हात शेणाचे हायेत." हात कोरडे असायचे.

आईबाप गेले. भाऊ गेला. वहिनी आपल्या लेकाकडं जुन्या जालन्यात राहायला गेली, त्याचं धान्याचं दुकान आहे. घरात आम्ही दोघंच राहिलो आणि मंग हळूहळू आमचं बोलणं सुरू झालं. बोलणं म्हणजे टोमणेच. मी मिशीला काळं लावलं तर ती म्हणायची, "म्हशीला रेडा दावायला चालले का?" मी जेवताना भाजीला नाव ठेवलं तर ताट उचलून कुत्र्यापुढं ठेवायची आणि कुत्र्याला म्हणायची, तू खा बाबा, तुला अक्कल आहे. गावात लोक म्हणायचे, ह्या दोघांचं बरं आहे, करमणूक होते. बरं होतंच. पण त्या एका गोष्टीवर आम्ही कधी आलो नाही. ती मला रात्री जवळ येऊ द्यायची नाही, मी म्हणायचो, राग आहे, राहू दे. तिला कधीतरी विचारावं असं मला वाटलं नाही. भ्यायलो असेन.

दहा-बारा वर्षांखाली आम्ही अर्ध्या एकरात जाळीचं शेड टाकलं आणि एका बियाण्याच्या कंपनीसाठी मिरचीचं बी धरायला लागलो. आमच्या जिल्ह्यात हे काम घरोघर आहे, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. उद्या उमलणारी कळी आज शोधायची, चिमट्यानं तिच्यातला नराचा भाग काढून टाकायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या जातीच्या फुलातले परागकण लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा. दोऱ्याची मिरची तेवढी बियाण्याची. एखादी कळी नजरेतून सुटली तर ती आपली आपण फळते, तिला दोरा नसतो, ती तोडून फेकावी लागते. ह्या कामाला नजर पाहिजे आणि हात हलका पाहिजे. माझ्या बायकोसारखा हात आमच्या शिवारात नव्हता. कंपनीचा माणूस आला की आधी तिची ओळ बघायचा आणि बाकीच्या बायकांना म्हणायचा, असं करा.

तिसऱ्या वर्षी तिच्या ओळीत बिनदोऱ्याच्या मिरच्या निघायला लागल्या. मधल्या फांद्या बराबर, कडेच्या सगळ्या सुटलेल्या. डावीकडच्या पण आणि उजवीकडच्या पण. कामाला आलेल्या बायका हसायच्या. "काकू, कडंच्या फांद्या काय जावंला ठेवल्या का?" मी हसलो नाही, मी खेकसलो. चार बायकांत तिला म्हणालो, चित्त कुठं असतं तुझं. ती म्हणाली, "समोरचं दिसतं तेवढं करते." मला ते उलट उत्तर वाटलं. ती सरळ सांगत होती.

मंग ती दाराच्या चौकटीला खांदा मारून घ्यायला लागली. वाढताना ताटाच्या बाजूला भात पडायचा. परतूरच्या बाजारात बाजूनं मोटरसायकल आली ती हिला दिसलीच नाही, हाताला धक्का लागून पडली आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं मोडलं म्हणून सगळ्यांना नवल. मी मोतीबिंदू असेल म्हणून तिला नवीन जालन्यात डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं बघितलं आणि म्हणाला, मोतीबिंदू नाही. मंग एका मशीनपुढं बसवून, ठिपके दिसले की बटण दाब म्हणाला. तिला मधले ठिपके दिसले, दोन्ही कडांचे दिसलेच नाहीत. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तसं तिचं झालं होतं. डॉक्टर म्हणाला, काका, दोष डोळ्यात नाही, डोळ्यांच्या मागं आहे, औरंगाबादला जाऊन डोक्याचा फोटो काढा.

फोटो काढला. तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला दोघांना समोर बसवलं. वयानं आमच्या लेकीएवढ्या असतील. त्यांनी तिला विचारलं, मावशी, पाळी कशी होती? ती माझ्याकडं बघायला लागली. बाई म्हणाल्या, काकांना बाहेर पाठवू का? ती म्हणाली, "न्हाई, बसू द्या. त्यांनी ऐकावं." मंग सगळं सांगितलं. कोणत्या वर्षी पाळी गेली, कधी दोन-चार महिन्यांनी आली, पुन्हा गेली. डोकं कधीपासून दुखतं. मंग बाईंनी विचारलं, अंगावर दूध कधी आलं होतं का, मूल नसताना?

"आल्तं," ती म्हणाली. "अजून येतं. कधीमधी, थेंबभर."

तीस वर्षं. मी तिच्या शेजारी जेवलो, तिच्या शेजारी झोपलो, तिच्या चोळ्या दोरीवर वाळताना बघितल्या. अजून येतं हे मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरबाईंनी कागदावर डोकं काढून दाखवलं. नाकाच्या मागं, डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात तिथं खाली, हरभऱ्याएवढी एक गाठ देवानंच दिलेली असते, प्रत्येकाला. अंगातली बरीच कामं तिच्या हुकमानं चालतात. तिच्यातून एक रस निघतो, त्याला प्रोलॅक्टिन म्हणतात. बाई बाळंत झाली की तो वाढतो आणि दूध येतं, पाळी थांबते. ते बराबरच आहे. पण हिच्या त्या गाठीवर आणखी एक गाठ वाढली होती, आणि ती बारा महिने तेरा काळ तो रस सोडत होती. कॅन्सर नव्हे, साधी गाठ. अंगाला वाटायचं, मांडीवर लेकरू आहे. म्हणून दूध. म्हणून पाळी नाही. पाळी नाही, बीज तयार होत नाही, तर दिवस राहणार कुठून? हाडं ठिसूळ होतात, म्हणून मनगट मोडलं. गाठ वाढत वाढत डोळ्यांच्या नसांना टेकली, म्हणून कडा गेल्या. आणि बाई मान खाली घालून म्हणाल्या, नवऱ्याजवळ जायची इच्छासुद्धा ह्यात कमी होते. मी ते ऐकलं. इतकी वर्षं मी त्याला माझ्यावरचा राग समजत होतो. अर्धं गाठीचं असेल, अर्धं माझं असेल. त्याची वाटणी आता कोण करणार.

पिळून टाकण्याचं तिनं सांगितलं तर बाई म्हणाल्या, पिळल्यानं उलट जास्त येतं मावशी, अंगाला वाटतं लेकरू पितंय. आई म्हणायची दूध डोक्यात चढतं. ते डोक्यातून उतरत होतं.

बाईंनी आणखी पण विचारलं. मन शांत राहायच्या गोळ्या घेता का, उलटीच्या, पित्ताच्या कुठल्या रोज घेता का, थायरॉईड तपासलं का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का. ह्या सगळ्यांनी पण तो रस वाढतो म्हणे, प्रत्येकीला गाठच असते असं नाही. बाहेर बाकड्यावर एक नवी नवरी बसली होती, तिनं माझ्या बायकोला तसंच सांगितलं. कुणीतरी दिलेल्या पित्ताच्या गोळ्या ती पाच-सहा महिने घेत होती, पाळी पुढं गेली, दूध आलं, घरात सासूनं पेढे वाटले. डॉक्टरनं विचारून त्या गोळ्या बंद केल्या आणि सगळं जागेवर आलं. माझ्या बायकोनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सासूला म्हणावं पेढे परत घे." पोरगी हसली. ही पण हसली, ओठावर हात धरून.

पण ते नंतर. आत असताना बाईंनी सगळं सांगून झाल्यावर तिनं कागदावरचं ते डोकं जवळ ओढून बघितलं. मंग म्हणाली,

"म्हणजे बाई, मी काही केलं नव्हतं ना?"

"कशाचं काय केलं नव्हतं, मावशी?" बाईंना कळेना.

"तेवढं ह्यांना सांगा."

डॉक्टरबाई माझ्याकडं वळल्या. कळलं असेल त्यांना, नसेल. म्हणाल्या, काका, ह्यांनी काहीच केलेलं नाही, हा आजार आहे, कुणालाही होतो. मी मान हलवली. मंग मीच विचारलं, तवा कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, रक्त तपासलं की हे कळतं, आणि गोळ्या आहेत. गोळ्यांनी गाठ बारीक होते, पाळी येते, पुष्कळ जणींना मुलं होतात. तुमच्या त्या काळात ही तपासणी इकडं कुठं होती, मनाला लावून घेऊ नका. सांगायला सोपं आहे.

आठवड्यातून दोन गोळ्या सुरू झाल्या. आधी तिला मळमळायचं, उठताना चक्कर यायची, म्हणून जेवून झोपताना घ्यायची. वर्षाभरात गाठ अर्ध्याहून कमी झाली, दूध थांबलं, डोकं थांबलं. डोळ्यांच्या कडा थोड्या परत आल्या, सगळ्या नाही. पण शेडमध्ये ती पुन्हा गेली, आणि मान वळवून वळवून काम करायला शिकली.

त्या पहिल्या दिवशी परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. मी तिला म्हणालो, झालं ते झालं. तिनं खिडकीबाहेरच बघत म्हणलं, "तुम्ही जाऊबाईसमोर बोलला होता. जाऊबाईसमोर सांगा."

जाऊबाई म्हणजे माझी वहिनी. त्या संध्याकाळी चुलीपाशी होतो त्यातलं आम्हा दोघांशिवाय जिवंत तेवढं एकच माणूस राहिलं होतं.

मी बरं म्हणालो. म्हणायला काय जातं. पण सांगायचं कसं? वहिनी म्हणजे आईच्या जागी. तिच्यासमोर पाळी, दूध, असलं मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. आणि मी चुकलो हे मी जन्मात कुणाला म्हणलेलं नाही. आमच्या घरात बाप्ये चुकत नव्हते. औरंगाबादला दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायला जायचो, आणि गाडी जालन्यावरून जाते. जालना आलं की ती माझ्याकडं बघायची. गाडी सुटेपर्यंत मी वरच्या पिशवीत काहीतरी शोधत असायचो.

एकदा उतरलो. रिक्षानं जुन्या जालन्यात गेलो. खाली पुतण्याचं दुकान, वर घर. वहिनीनं आग्रह करून बसवलं, सुनेनं चहा आणला. बायको वहिनीच्या समोर बसली आणि चहाचा कप हातात धरून थांबली. तिला वाटलं आता मी बोलेन. वहिनीचे गुडघे, पुतण्याचं दुकान, गावातला बोअर, सगळं बोलून झालं. तिचा चहा निवला, वर साय आली. मंग तिनं तो तसाच एका घोटात पिला आणि उठली. स्टेशनावर बाकड्यावर बसल्यावर म्हणाली, "चहा चांगला झाल्ता." पुढं चार दिवस मला तेवढंच वाक्य ऐकू येत होतं. त्यानंतर जालना आलं तरी तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं सोडलं तिनं. सोडलं नव्हतं, मला सोडून दिलं होतं.

गेल्या थंडीत तिला ताप आला. गाठीचा काही संबंध नव्हता, छातीत कफ धरला होता. गावच्या डॉक्टरच्या सुयांनी उतरेना म्हणून जालन्याला दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी बघायला आली, नातसुनेच्या खांद्यावर हात ठेवून, जिना चढून. बायकोच्या तोंडाला हवेचं लावलेलं होतं, बोलता येत नव्हतं, पण शुद्ध होती. वहिनीनं खुर्ची ओढून तिचा हात धरला. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा. दोघी तिथंच, एका हाताच्या अंतरावर. ह्याच्यापेक्षा बराबर वेळ कुठली असती. मला ते कळत होतं, कळत नव्हतं असं नाही. पण मनात आलं, आता असलं बोललो तर हिला वाटेल आपण मरतो म्हणून हा बोलतोय. बरी झाली की सांगू. हे कारण मी त्याच वेळी तयार केलं आणि मला ते चांगलं वाटलं. औषध आणतो म्हणून मी खाली उतरलो आणि मेडिकलच्या पायरीवर बसून राहिलो. वर आलो तवा वहिनी निघून गेल्ती. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बायको गेली.

दहाव्याला वहिनी आल्ती, पण गर्दी होती. तेराव्याला आल्ती, गर्दी होती. गर्दीत तर सांगायचं होतं खरं म्हणजे. त्या दोन्ही दिवशी मी माणसं बोलताना ऐकली. भली बाई होती, पण मागं काही राहिलं नाही, कूस उजवली नाही बिचारीची. मी पंक्तीत वाढत होतो.

गेल्या महिन्यात मी एकटाच जुन्या जालन्याला गेलो. सकाळची वेळ होती, गल्लीत पोत्यांच्या गाड्या लागल्या होत्या. वहिनी वर खाटेवर सूप घेऊन लसूण सोलत बसली होती. तिला आता दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही, सुनेनं आधीच सांगितलं, मामा, मोठ्यानं बोला. मी समोर पाटावर बसलो आणि लगेच सुरू केलं, थांबलो असतो तर पुन्हा बोअरवर आलो असतो.

"वहिनी, तिनं काही केलं नव्हतं."

"काय?"

"तिनं पाडलं नव्हतं. आजार होता तिला. डोक्यात गाठ होती."

"मोठ्यानं बोला भाऊजी."

मंग मी ओरडून सांगितलं. दूध, पाळी, गाठ, प्रोलॅक्टिन, सगळं, जे शब्द मी घरात कुजबुजूनसुद्धा काढले नव्हते ते मी गल्लीला ऐकू जातील असे काढले. सून दारात येऊन उभी राहिली. पुतण्या दुकानातून वर पळत आला, त्याला वाटलं भांडण लागलं. मी थांबलो नाही. म्हणालो, चुलीपाशी तुमच्यासमोर मी तिला विचारलं होतं पाडलंस का म्हणून, ते मी चुकीचं बोललो, तिच्यात काही पाप नव्हतं, हे तुमच्यासमोर सांगायला आलो. माझा घसा बसला.

वहिनीच्या हातातली पाकळी तशीच राहिली. मंग म्हणाली, "कवा विचारलं होतं?"

"डोहाळजेवणानंतर. परतूरहून आलो त्या दिवशी. आई होती, तुम्ही होता."

तिनं आठवून बघितलं. खरंच बघितलं, डोळे मिटून. डोहाळजेवण आठवतं म्हणाली, पुरण तिनंच वाटलं होतं, झोपाळ्याचा दोर तुटता तुटता राहिला होता. परतूरहून आलेलं पण आठवतं, आपण सगळे उपाशी होतो. पण मी असं काही बोललेलं तिला आठवत नाही. "मला तर वाटलं धाकलीचं आपोआप गळून गेलं. दुसरं काही माझ्या मनात कधी आलंच न्हाई भाऊजी. चांगल्या बाईवर असा आळ कोण घील?"

ज्या बाईसमोर सांगायला माझी इतकी वर्षं जीभ उचलली नाही, तिला ते ठाऊकच नव्हतं. लेकराचा पदर सारखा करण्यात तिनं ऐकलंच नसेल, किंवा ऐकून त्याच दिवशी विसरली असेल. ते चाळीस वर्षं जपून ठेवलेलं फक्त दोघांकडं होतं, एक मी आणि एक ती.

सून पदरानं डोळे पुसत होती, तिला काय कळलं तिचं तिला ठाऊक. वहिनीनं लसणाचं सूप बाजूला सरकवलं आणि विचारलं,

"मंग तिला म्हणाला का कधी, की माझं चुकलं म्हणून? तुमचं दोघांचं असताना, घरात?"

"न्हाई," मी म्हणालो.

हळूच म्हणालो. तेवढं मात्र तिला एकदाच सांगून ऐकू गेलं.